पाण्याचा वळसा

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा मे महिना
पाठीमागून कोरा असतो.
त्यावर पेन्सिलने एक चौकट: ही कॅबिनेट.
चौकटीत टाकी, टाकीखाली पंप,
पंपापासून प्रोसेसर, तिथून ग्राफिक्स कार्ड,
तिथून वर रेडिएटर, आणि परत टाकी.
चार बाण. कुठेही टोक सुटलेलं नाही.

नंदनवनात, तिसऱ्या मजल्यावर, तापल्या स्लॅबखाली
मी लोकांची न बांधलेली घरं रंगवते.
त्यांच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन आत पाडते,
बाल्कनीत कुंडी ठेवते, कुंडीत एक पान हलवते.
त्या एका पानासाठी मशीन रात्रभर तापतं
आणि पहाटे चारला, ऐंशी टक्क्यांवर,
धापा टाकून बंद पडतं.
बिल्डर विचारतो, मॅडम, ऊन अजून आलं नाही का?
मॅडम शेहेचाळीस अंशांत बसलेल्या असतात.

म्हणून भिशीचे पैसे. म्हणून ही पेन्सिल.

फिटिंग सोळा. पुन्हा मोजली, अठरा.
नळी मऊ की कडक?
कडक देखणी दिसते, पण ती वाकवायला
गरम हवा आणि न थरथरणारा हात लागतो.
मऊ लिहिली.
पाणी नळाचं नको. इथल्या नळाच्या पाण्याने
कूलरच्या जाळीवर जूनपर्यंत क्षारांचं पांढरं मोहोळ धरतं.
बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड, पाच लिटर.
रेडिएटर तांब्याचा, तर ब्लॉकही तांब्याचाच:
तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत,
हळूहळू एक दुसऱ्याला खातं.
हे लिहून थोडा वेळ थांबले.
मग खोडलं, नुसतं 'तांबं' ठेवलं.
आई कॅलेंडरची पानं उलटून बघते.

कूलरचा वाळा बदलायला झिबल काका आले,
गालात खर्रा, खांद्यावर तारांचं भेंडोळं.
चाळीस उन्हाळे पंपांचे गळे साफ करत आलेला माणूस
माझ्या कागदापाशी उकिडवा बसला.
"वाफ कुठून जाते?"
जात नाही, काका. बंद आहे सगळं.
"मंग थंड कसं होईन ते?"
होत नाही. पाणी नुसती उष्णता उचलतं,
रेडिएटरच्या पात्यांवर उतरवतं
आणि रिकाम्या हाताने परत फिरतं.
"पात्यांवरून कुठं जाते?"
खोलीत.
"म्हणजे तुह्यापाशीच."

काका हसले नाहीत.
बोटाने माझा चौथा बाण दाबून धरला.

इतके दिवस मी नळ्यांचे रंग निवडत होते
आणि सगळी आग फिरून फिरून
माझ्याच खुर्चीमागे येऊन बसणार होती.

रेडिएटर खोडला. चौकटीबाहेर काढला,
भिंतीपलीकडे, मागच्या बाल्कनीत,
जिथे ऊन तिरकं येतं, तेही उशिरा.
"दोन भोकं मी पाडून देतो," काका म्हणाले,
"एकाच इटेची भिंत हाय. आन गळलं तं?"
म्हणून आधी चोवीस तास नुसता पंप चालवायचा,
बाकी सगळी वीज बंद,
प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर.
"कागद राहू दे. रातच्याला हात फिरव.
पाण्याले घाई नसते, पोरी.
तू झोपली का मंग ते वाट काढते."

ते स्टुलावर चढले. बटण दाबलं.
पंप बराच वेळ हवाच गिळत राहिला,
मग एक उचकी, आणि कोरड्या वाळ्यावर
पहिली काळी ओल उतरू लागली.

यादी पुन्हा लिहिली.
नळी तीन मीटरऐवजी सात.
फिटिंग बावीस.
टिश्यू एक डबा, तरीही.
पाणी भरायचा दिवस बघायला कागद उलटला,
तर वर्ष मागचं, सगळे वार सरकलेले.
तारखेची जागा मोकळी सोडली.